वीतभर घोड्याची आयाळ

दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजाच्या पायथ्याशी जो मातीचा घोडा उभा करतात, त्याच्या मानेवर कुंभाराने काळ्या रंगाचा एकच फराटा ओढलेला असतो, आणि त्या फराट्याला आयाळ म्हणावयास कोणाही मुलाची कधी हरकत नसते. पण तेच मूल पुढे वयाने आणि हौसेने वाढते, घोड्याच्या अवयवांची मापे घेऊ लागते, नऊ फुटांस एक फूट अशा प्रमाणात घडविलेली रेझिनची वा प्लास्टिकची प्रतिकृती मेजावर आणून ठेवते, आणि तिचे स्नायू, शिरा, नाल ठोकलेले खूर ही सारी हुबेहूब असूनही मानेवरचे ते साच्यातून निघालेले घट्ट वेटोळे पाहून एके दिवशी त्याचे मन विटते. मग कोठे तागाचे तंतू, कोठे जुन्या रंगकुंचल्याचे केस, कोठे न्हाव्याच्या दुकानातून मागून आणलेली बट, असा जो मिळेल तो जिन्नस डिंकाने चिकटविण्याचा उद्योग सुरू होतो, आणि बहुतेकांच्या नशिबी पहिल्या प्रयत्नात एकच फळ येते : करावयास गेला गणपती आणि झाला मारुती. आयाळीच्या जागी केरसुणी उगवते, शेपटीच्या जागी कुंचा. केस खरा, घोडाही जवळजवळ खरा, मग दोहोंचा संयोग इतका खोटा का दिसावा, या प्रश्नाचे उत्तर कारागिरीत शोधण्यापूर्वी थोडे गणितात शोधणे इष्ट ठरेल.

खांद्यापाशी पाच फूट उंचीचा घोडा नवव्या हिश्शाने लहान केला, म्हणजे त्याची खांद्याची उंची सुमारे सतरा सेंटिमीटर भरते आणि मान उचललेला घोडा एका वितीत मावतो. त्याची तीन फुटी शेपटी दहा सेंटिमीटरांची होते. येथवर सर्व हिशेब सरळ आहे. आता शेपटीतला एक केस घ्या. त्याची जाडी जनावरागणिक व जागेगणिक बदलते, परंतु सोयीसाठी ती दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकी धरू. तोही नवव्या हिश्शाने बारीक करावयाचा, तर सतरा मायक्रॉनांचा तंतू हवा. माणसाचा केस साधारणतः साठ ते ऐंशी मायक्रॉन जाड असतो, म्हणजे न्हाव्याकडून आणलेली ती बट वीतभर घोड्याला लावणे हे खऱ्या घोड्याला अर्ध्या मिलिमीटरहून अधिक जाड दोऱ्यांची शेपटी शिवण्यासारखे आहे. मऊ मेरिनो लोकर सतरा ते चोवीस मायक्रॉनांच्या घरात, पश्मिना बारा ते सोळा आणि रेशमाचा एकेरी तंतू दहा ते तेरा मायक्रॉनांचा असतो. तेव्हा शेपटीपुरती निसर्गाने आपली सोय करून ठेविली आहे. पण अंगावरची लव? ती मुळातच इतकी बारीक, की तिचा नववा हिस्सा करावयाचा म्हणजे पाच-सहा मायक्रॉनांचा तंतू पैदा करावा लागेल, आणि तो कोळ्याच्या जाळ्याबाहेर सहसा आढळत नाही. तुळतुळीत अंगाच्या घोड्याची लव रंगानेच दाखवावी आणि आयाळ, कपाळावरची झुलपे, शेपटी व काही जातींच्या घोट्यांवरचे झुपके एवढेच केसांनी करावे, हा या हुन्नरातील जुना शिरस्ता आळसातून उपजलेला नसून मापातून उपजलेला आहे.

परंतु जाडीचा प्रश्न सुटला म्हणून केरसुणीचा प्रश्न सुटत नाही. केस खाली लोंबतो तो स्वतःच्या भाराने, आणि ताठ राहतो तो स्वतःच्या जाडीने, आणि या दोन शक्तींचा तंटा लहान प्रतिकृतीत नेहमी ताठरपणाच्या बाजूने निकालात निघतो. तंतूचे एक टोक पक्के धरून तो आडवा ठेविला असता त्याचा झुकाव लांबीच्या प्रमाणात किती भरतो, याचा नियम स्थापत्यशास्त्रात तुळईसाठी वापरतात तोच आहे : लांबीच्या घनाच्या समप्रमाणात तो वाढतो आणि जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. म्हणजे खऱ्या घोड्याचाच केस नवव्या हिश्शाइतका आखूड कापून लहान घोड्याला लाविला, तर त्याचा झुकाव नवाच्या घनाने, अर्थात सातशे एकोणतीस पटींनी कमी होईल. एवढेच नव्हे, तर लांबीबरोबर जाडीही अचूक नवव्या हिश्शाने उतरविली, तरीदेखील तो नऊ पटींनी कमीच झुकेल. खऱ्या केसासारखा तो आपोआप गळावा अशी इच्छा असेल, तर त्याची जाडी सत्ताविसाव्या हिश्शावर आणावी लागेल, आणि ते रेशमालाही साधत नाही.

या हिशेबातून जे तात्पर्य निघते ते या सबंध प्रकरणाचे सूत्र आहे. आकारमान लहान करता येते, परंतु पदार्थाचा स्वभाव लहान करता येत नाही, म्हणून प्रतिकृतीवरील केस हा केसाची नक्कल नसतो, तर केसाच्या वर्तणुकीची नक्कल असतो. तो कोठून निघतो, कोणत्या बाजूस वळतो, किती केस एकत्र येऊन बट होते, ती बट कोठे फुटते आणि तिच्यावर प्रकाश कसा सरकतो, एवढ्या गोष्टी साधल्या म्हणजे तंतू शेळीचा आहे की किड्याचा, याची चौकशी कोणी करीत नाही.

शेळीचा उल्लेख सहेतुक केला, कारण या कामात सर्वांत मानाचे स्थान अंगोरा शेळीच्या मोहेराला आहे. अंकारा या तुर्की शहराच्या जुन्या नावावरून त्या शेळीचे नाव पडले, आणि मोहेर हा शब्द ‘निवडक’ या अर्थाच्या ‘मुखय्यर’ या अरबी शब्दापासून आला. करडाचे मोहेर पंचवीस मायक्रॉनांच्या आसपास भरते, प्रौढ शेळीचे चाळिसांपर्यंत जाते. महिन्यास सुमारे दोन-अडीच सेंटिमीटर वाढणाऱ्या या केसांची वर्षातून दोनदा कातरणी होत असल्यामुळे बारा-पंधरा सेंटिमीटरांचे पेळू सहज मिळतात आणि वीतभर घोड्याच्या शेपटीस ते नेमके पुरतात. जाडीच्या हिशेबात ते किंचित भरड ठरते खरे, परंतु त्याच्या पृष्ठभागावरील खवले पातळ व चपटे असल्याने त्यावर प्रकाश अखंड सरकतो, आणि खरारा केलेल्या घोड्याच्या शेपटीवर जी झळाळी दिसते तिच्याशी त्याचे जवळचे नाते जुळते. उलट मेंढीच्या लोकरीचे खवले उठावदार असतात. ते एकमेकांत अडकून तंतू गुंततात, आणि याच दोषाचा गुण करून खोगिराखालच्या नमद्याची निर्मिती झाली. नायलॉन स्वस्त, टिकाऊ आणि कोणत्याही रंगात मिळते, परंतु त्याची चकाकी निर्जीव असते. दुकानदार काहीही सांगो, एक तंतू चिमट्यात धरून जाळून पाहावा : जळक्या केसाचा वास येऊन बोटांनी चुरडणारी राख उरली तर तो प्राणिज, वितळून कठीण मणी झाला तर तो कृत्रिम.

कातडीसकट केस वापरण्याची रीतही जुनी आहे. वस्तुसंग्रहालयात पेंढा भरून ठेविलेल्या प्राण्यास त्याचीच कातडी असते, त्यामुळे तेथे प्रमाणाचा प्रश्न उद्भवत नाही, पण प्रतिकृतीकाराला मोठ्या जनावरासाठी लहान जनावराची लव उसनी घ्यावी लागते. १९३३ साली प्रदर्शित झालेल्या ‘किंग काँग’ या चित्रपटातील अजस्र वानर हे या उसनवारीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. विलिस ओब्रायन यांच्या देखरेखीखाली मार्सेल डेल्गाडो यांनी सांध्यासांध्यांत वळणारा धातूचा सांगाडा करून त्यावर स्नायू चढविले, आणि अठरा इंचांच्या त्या बाहुल्यावर कातरून घेतलेली सशाची लव बसविली. एका सेकंदास चोवीस चित्रे, आणि प्रत्येक चित्रापूर्वी बाहुल्याचा हातपाय केसभर हलवावयाचा, असा तो व्यवहार असल्यामुळे प्रत्येक वेळी कारागिराची बोटे लवेवर टेकत, ती दबे, विस्कटे, आणि पडद्यावर काँगचे अंग वारा नसताना शहारल्यासारखे दिसे. करणाऱ्यांच्या लेखी ही चूक होती. पाहणाऱ्यांपैकी पुष्कळांना मात्र वानराचे केस रागाने उभे राहिले असेच वाटले! शहात्तर वर्षांनी, २००९ साली, वेस अँडरसन यांनी ‘फँटास्टिक मिस्टर फॉक्स’ काढला तेव्हा कोल्ह्याच्या लवेची ती चुळबुळ टाळण्याऐवजी जाणूनबुजून राखली. केस हलला की प्राणी जिवंत वाटतो, हे यातले मर्म, आणि स्थिर प्रतिकृतीतही केस असे बसवावे लागतात की ते आत्ताच हलून थांबले असावेत.

लव निवडताना तिला दिशा आहे की नाही हे पाहणे अगत्याचे असते. चिचुंदरीसारख्या दिसणाऱ्या आणि बिळात मागेपुढे सारख्याच सहजतेने सरकणाऱ्या युरोपातील मोल या प्राण्याची लव कोणत्याही बाजूस हात फिरविला तरी सारखीच झोपते. स्पर्शाला ती मखमलीहून मऊ, परंतु प्रतिकृतीच्या कामी कुचकामी ठरते, कारण घोडा, बैल, सिंह यांच्या अंगावर केसांची दिशा ही नदीच्या प्रवाहासारखी ठरलेली असते. ती नाकाकडून मागे, पाठीकडून खाली, बरगड्यांवरून तिरपी जाते, आणि जेथे दोन प्रवाह भेटतात तेथे भोवरा पडतो. आपल्याकडील घोड्यांच्या पारख्यांनी या भोवऱ्यांचा जितका सूक्ष्म अभ्यास केला तितका क्वचितच कोणी केला असेल. मानेखालच्या देवमण भोवऱ्याचा घोडा भाग्याचा, अमुक जागी भोवरा असलेला धन्यास अपायकारक, अशा त्यांच्या समजुती आज बाजूस ठेविल्या, तरी त्या निमित्ताने झालेले निरीक्षण प्रतिकृतीकाराला फुकट मिळालेली पुंजीच आहे. अकबराच्या दरबाराने लष्करी घोड्यांसाठी दाग व चेहरा यांची जी पद्धत घातली, तिच्यात घोड्यास डाग देऊन त्याचे वर्णन दफ्तरात नोंदविले जाई. काम आरंभण्यापूर्वी आपणही आपल्या घोड्याचा असा चेहरा लिहून काढावा : रंग कुमैत की अबलख, पंचकल्याणी असल्यास पांढरा कोठवर चढला आहे, आयाळ कोणत्या बाजूस पडते, झुलपे डोळ्यांवर येतात की कानांमागे जातात, शेपटीची टोके उन्हाने तांबूसली आहेत काय. सिंहाच्या बाबतीतही हीच दक्षता घ्यावी. गीरच्या सिंहाची आयाळ आफ्रिकेतील सिंहाच्या मानाने विरळ असते, त्याचे कान तिच्यातून उघडे दिसतात आणि पोटाखाली कातडीची एक उभी घडी लोंबते. त्याला दाट आयाळीचा घोंगता चढविणे म्हणजे नाव एकाचे आणि चेहरा दुसऱ्याचा असा दस्तऐवज करण्यासारखे होईल.

प्रत्यक्ष कृतीस तंतू धुण्यापासून आरंभ होतो. रिठ्याच्या कोमट पाण्यात ते न चोळता बुडवून काढावेत. धुण्याचा सोडा वर्ज्य, कारण तीव्र क्षाराने केसातील प्रथिन विरघळू लागते. रंगवावयाचे असल्यास शिरक्याच्या आम्लात लोकरीचे रंग उत्तम धरतात. मात्र एकाच रंगात सारे पेळू बुडवू नयेत, कारण काळी म्हणून दिसणारी शेपटीही वस्तुतः काळ्या, तपकिरी आणि करड्या केसांचे मिश्रण असते. दोन-तीन छटांचे पेळू वेगळे रंगवून फणीने एकत्र विंचरले म्हणजे ती खोली आपोआप येते.

शेपटीचे काम शाकारणीसारखे खालून वर करावे. शेपटीचे हाड प्रतिकृतीत आधीच असते, नसल्यास तारेचे करून घ्यावे. त्याच्या टोकाशी पहिली बट चिकटवावी, ती वाळल्यावर किंचित वर दुसरी, आणि अशा रीतीने प्रत्येक वरच्या थराने खालच्या थराचा डिंक झाकीत मुळापर्यंत यावे. वरून खाली येणारा नवशिका शेवटच्या डागाला झाकण शोधीत बसतो. आयाळीसाठी मानेच्या कण्यावर कोरणीने बारीक चर पाडावा. मेणकागदावर तंतूंची सरळ ओळ पसरून तिच्या एका कडेला पांढऱ्या डिंकाची रेघ द्यावी, वाळली की ती कड धारदार पात्याने एका रेषेत कापावी, आणि झालेली झालर चरात बसवावी. एकाच झालरीने टोपासारखी जाडी येते, म्हणून दोन पातळ झालरी किंचित मागेपुढे बसविणे अधिक चांगले. डिंक कोणता, हा प्रश्न गौण वाटतो, पण तेथेच पुष्कळांचा घात होतो. क्षणात धरणारे सुपर ग्लू केशाकर्षणाने तंतूंतून वर चढते, बटेची काडी करते, आजूबाजूस पांढरी बुरशीसारखी छटा सोडते, आणि कापूस वा लोकर यांच्या संपर्कात ते इतके झपाट्याने घट्ट होते की त्या उष्णतेने बोट पोळू शकते. सावकाश वाळणारा पांढरा डिंक या कामी अधिक विश्वासू.

आता केरसुणीचे निवारण. लावलेली आयाळ फवाऱ्याने ओली करून बोटांनी मानेस चिकटवावी, तिच्यावर तलम कापडाची पट्टी गुंडाळावी, हलकी वाफ देऊन रात्रभर तशीच ठेवावी. ओल्या केसातील अणूंचे हलके बंध उष्णतेने सुटतात आणि वाळताना नव्या ठिकाणी जुळतात, म्हणून लोंबण्याचे जे काम गुरुत्वाकर्षणाने करावयाचे ते पट्टी करते, आणि केसास त्याचा भार पेलत नसला तरी भाराचा आकार मिळतो. पट्टी सुटल्यावर विंचरणी, विंचरणीनंतर कातरणी. कातरी आडवी चालवू नये, उभी धरून टोके विरळ करावीत, कारण जनावराचा केस झिजून संपतो, कापून नव्हे.

जेथे केस आखूड व उभे असतात तेथे प्रमाणाचा तो दोषच गुण ठरतो. झेब्र्याची ताठ आयाळ, खेचराची भादरलेली मान, रानडुकराच्या पाठीचे राठ केस यांस ताठरपणाच हवा असतो, आणि त्यासाठी विजेच्या साहाय्याने लव रोवण्याची युक्ती वापरतात. धातूच्या चाळणीत नायलॉनचे दोन-चार मिलिमीटरांचे तुकडे भरून तिला हजारो व्होल्टचा, परंतु अत्यल्प प्रवाहाचा दाब देतात. दुसरी तार डिंक लावलेल्या ओल्या पृष्ठभागास टोचलेली असते. तुकडे विद्युद्भारित होऊन क्षेत्राच्या रेषांत उभे राहतात आणि बाणासारखे डिंकात रुततात. लोकरी जनावरासाठी, मग ती मेंढी असो वा हिमालयातील याक, नमद्याची रीत बरी : खाचा असलेली सुई लोकरीत पुन्हा पुन्हा खुपसली की खवले अडकून तंतू जागीच घट्ट होतात आणि डिंकाची गरजच उरत नाही.

उरलेल्या अंगाच्या लवेसाठी मात्र आपल्याला पुन्हा कुंचल्याकडे यावे लागते, आणि तेथे मोगल चित्रशाळेहून मोठा गुरू नाही. १६२१ साली हबशाणातून तुर्कांनी आणलेला झेब्रा जहांगिरास नजर झाला, तेव्हा त्याचे पट्टे पाहून ते रंगविलेले असावेत असा कित्येकांस संशय आला आणि बादशहाने चौकशी करविली, अशी नोंद आहे. उस्ताद मन्सूर यांनी त्याचे काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. बारीक कुंचल्याने केसाच्या दिशेने ओढलेल्या रेषांनी लव कशी सुचवावी, याचा वस्तुपाठ त्या चित्रशाळेच्या कामात मिळतो.

तयार घोडा पुढे हवेशी झगडतो. केस स्वभावतः आर्द्रतेचा साक्षीदार आहे. जिनिव्हाच्या सोस्यूर यांनी १७८३ साली त्यावरच आर्द्रतामापक यंत्र बेतले, कारण कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत केस सुमारे दोन-अडीच टक्क्यांनी लांबतो. लोकर तर आपल्या वजनाच्या जवळजवळ तृतीयांश पाणी शोषू शकते. म्हणून कोकणात वा मुंबईत मृगाचा पाऊस लागला की नीट बसविलेली आयाळ सैलावते, आणि आश्विनात पुन्हा पट्टी बांधावी लागते. कसरीच्या अळ्यांना केस हे अन्नच असल्याने कपाट बंद व स्वच्छ असावे, पण घाईघाईने डांबरगोळ्या टाकू नयेत. त्यांच्या वाफेने पॉलिस्टायरीनचे प्लास्टिक मऊ पडते, आणि आयाळ वाचविताना घोडा गमावण्याची पाळी येते.

शेवटी एक हिशेब राहिला आहे, आणि तो खरे पाहता पहिला असावयास हवा होता. वीतभर घोडा आपण एका फुटावरून न्याहाळतो, म्हणजे प्रमाणाच्या न्यायाने नऊ फुटांवरून खरा घोडा पाहतो. एकदा पागेत जाऊन घोड्यापासून नऊ फूट दूर उभे राहावे आणि त्याच्या शेपटीतील केस मोजावयाचा प्रयत्न करावा. केस दिसतच नाहीत. बटा दिसतात, त्यांतली फट, फटीतला काळोख आणि माशी वारताना उठणारी एक लाट दिसते. नऊ फुटांवरून जे दिसते तेवढेच एका फुटावर ठेवावे, आणि त्याहून अधिक जे हौसेने चिकटविले असेल ते फणीने काढून टाकावे. विंचरणी संपल्यावर मेजावर पडलेले पुंजके पाहून हळहळू नये, कारण आयाळ त्यांच्या जाण्यानेच झालेली असते. आणि किल्ल्यावरचा तो मातीचा घोडा? तो जेमतेम तीन इंचांचा, म्हणजे विसाव्या हिश्शाचा, आणि मुले तो पाच फुटांवरून पाहणार. हा खरा घोडा शंभर फुटांवरून पाहण्यासारखा व्यवहार झाला, आणि शंभर फुटांवरून घोड्याची आयाळ म्हणजे मानेवरचा एक काळा फराटाच असतो. कुंभाराने तो ओढला तेव्हा त्याने हे गणित मांडले नव्हते, पण उत्तर त्याचे बरोबर होते.